चाळीस ब्रास पांढरी

घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. इथं नदी हीच तालुक्याची शीव. अलीकडं शिरूर, पलीकडं श्रीगोंदा. आज जिकडं पाहावं तिकडं ऊस, आणि उसाच्या अधेमधे पाच टेकाडं. त्यांची माती भोवतालच्या काळ्या रानाची नाही. राखट, भुरकी, खापरांनी भरलेली. गावात तिला पांढरी म्हणतात. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 पासून 700 पर्यंत त्या पांढरीवर शेतकऱ्यांचं एक गाव नांदत होतं. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत.

इथवरचं सगळं खरं. ओढ्यापलीकडचं सहावं धाकटं टेकाड, तिथला रस्ता आणि पुढं येणारी माणसं मात्र गोष्टीतली आहेत. तशी माणसं शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही गावात भेटतील, म्हणून त्यांना नावं दिली नाहीत.

रस्ता काही मोठा नव्हता. नदीकडच्या मळ्यांपासून गावाच्या डांबरीपर्यंत दोनेक किलोमीटरची पाणंद पक्की करायची होती. पण तिची गरज मोठी होती. काळ्या रानात पावसाळा लांबला की उसाची ट्रॉली ॲक्सलपर्यंत रुतायची. तोडलेला ऊस फडातच वाळायचा, वजन घटायचं, आणि मुकादम टोळी घेऊन दुसऱ्याच्या फडात निघून जायचा. नदीकडच्या काकूंचा दोन एकर ऊस असाच एका हंगामात उभ्या उभ्या तुऱ्यावर गेला होता. तेव्हा ‘जुनी खापरं महत्त्वाची की रस्ता’ असा प्रश्न शहरात बसून विचारणाऱ्यानं आधी त्या फडात चिखल तुडवून यावं. गावाला रस्ता हवा होता आणि तो हवा असण्यात काहीच चूक नव्हती.

मोजणीला आलेला इंजिनिअर तरुण होता, कामसू होता. त्यानं उपग्रहाच्या नकाशावर एक सरळ रेघ मारली. ती रेघ थोरल्या टेकाडाच्या खांद्यावरून गेली. त्यात त्याची वाईट बुद्धी नव्हती. दोन्ही बाजूंना ऊस होता, विहिरी होत्या, पाइपलाइनी होत्या, सातबाऱ्यावर भावाभावांची नावं होती. टेकाड तेवढं पडीक. नकाशावर सगळ्यांत स्वस्त जमीन तीच, जिच्यासाठी भांडायला कुणी येत नाही.

एक मेच्या ग्रामसभेत नकाशा भिंतीला लावला. सरपंचबाईंनी कुणाची हरकत आहे का विचारलं. बसल्या जागेवरून तात्यांनी हात वर केला. तात्या सत्तरी ओलांडलेले. उत्खनन चालू होतं तेव्हा मिसरूड फुटायच्या वयात ते तिथं घमेली उचलायला जात.

‘‘साहेब, ही रेघ मुखियाच्या घरावरनं चाललीय.’’

पोरं हसली. इंजिनिअरही हसला, पण त्यानं विचारलं, ‘‘तात्या, ते काम तर 1983 लाच संपलं ना? खोदून झालं, वस्तू पुण्याला गेल्या. आता तिथं काय उरलंय?’’

‘‘संपलं कुठं? थोडं खोदलं, बाकी मुद्दाम ठिवलं. म्होरल्यांसाठी. ह्यापेक्षा चांगली हत्यारं घेऊन पुढं कोणतरी येईल, असं ते म्हणायचे.’’

मग तात्यांनी सभेला रांजणाची गोष्ट सांगितली. ती गावात सगळ्यांना तुकड्यातुकड्यानं माहीत होती, सलग कुणाला नव्हती. मधल्या वस्तीत पाच खोल्यांचं एक घर निघालं. बाकीची बहुतेक घरं एका-दोन खोल्यांची, हे मोठं. शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोटाशी फुगलेला मातीचा रांजण पुरलेला होता, आणि आत एक माणूस मांडी घालून बसवलेला होता. इतर मोठी माणसं आडवी पुरलेली, पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून तसं करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या माणसाचे पाय शाबूत होते.

‘‘आता सांगा,’’ तात्या म्हणाले, ‘‘तो मुखिया व्हता हे कशावरनं कळलं? रांजणावर नाव थोडंच व्हतं? घर मोठं, म्हणून. कोठार शेजारी, म्हणून. जागा मधोमध, म्हणून. तुमच्या जेसीबीला तो रांजण एकटा गावला असता, तर तो निस्ता रांजण.’’

तात्या हे शिकले कुठं? उन्हातान्हात खड्ड्याच्या काठावर उभं राहून. तिथं हातभर माती काढायला दिवस जायचा. खापर उचलण्याआधी मोजायचं, लिहायचं, पिशवीवर थर आणि खड्डा टाकायचा. गडी कंटाळायचे. तात्यांना मात्र त्या हिशेबीपणाचं कौतुक वाटायचं, कारण घरी त्यांचे वडील बांधाच्या बाबतीत असेच होते.

तात्यांचं म्हणणं किती रास्त आहे, याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये झाडाचं मूळ उकरताना ब्राँझच्या चार अप्रतिम वस्तू मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. अशा वस्तू देशात दुसरीकडं नाहीत. पण त्या थरानं खोदताना मिळालेल्या नव्हत्या. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासक कितीतरी वर्षं भांडत राहिले. वस्तू हातात आहे आणि तिची जागा हरवली आहे, म्हणजे साक्षीदार आहे पण त्याची वाचा गेली आहे.

इंजिनिअरनं दुसऱ्या दिवशी टेकाडाची एक कड पाहिली. जुन्या काळी घरांच्या धाब्यांसाठी लोकांनी तिथून माती नेली होती आणि उभी दरड उघडी पडली होती. तात्यांनी काठीनं दाखवलं: ही चोपलेली जमीन, ही चुलीची राख, ही पुन्हा जमीन, ही हाडकं. इंजिनिअरनं राख चिमटीत घेतली, आणि त्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला. राख, शेण, कुजलेलं गवत आणि खापरं यांच्या अशा पोकळ थरांवर कितीही रोलर फिरवला तरी दोन पावसाळ्यांत रस्ता बसणार. खचलेल्या रस्त्याचा जाब त्यालाच द्यावा लागणार.

‘‘तात्या, मुखियाचं राहू द्या,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्या नोकरीसाठीच ही रेघ हलवतो.’’

त्याच्या या वाक्याचा मला राग येत नाही. वारसा वाचवायला प्रत्येकाच्या मनात पूर्वजांविषयी उमाळा यायलाच हवा, असं कुणी सांगितलं? कुणी अभिमानानं वाचवावं, कुणी भीतीनं, कुणी खड्डे पडतील म्हणून.

रेघ हलवायची तर टेकाडाला वळसा घालून तीन शेतकऱ्यांच्या बांधालगतची पट्टी लागणार होती. दोघांनी ‘बघू’ म्हटलं. गावात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. काकूंनी मात्र आपली पट्टी देऊ केली, अट घालून.

‘‘माझा पाट आडवा येतोय. तिथं मोरी पाहिजे. नळा घालून तोंड बुजवायचा नाही, चांगली स्लॅबची मोरी.’’

तात्या लगेच म्हणाले, ‘‘त्या लोकांनीबी पाट काढला व्हता, काकू. पुराचं पाणी वळवायला. दगडगोट्यांचा बांधही घातला व्हता.’’

‘‘मग त्यांचा बुजला म्हणून माझा बुजवायचा का?’’ काकूंनी विचारलं.

मोरी मंजूर झाली. काकूंनी दिली म्हटल्यावर उरलेल्या दोघांचंही ‘बघू’ सुटलं. रस्त्याला एक वळण पडलं, लांबी थोडी वाढली, नारळ फुटला, फोटो निघाला. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘गावानं वाचवला वारसा’ असा मथळाही आला. गोष्ट इथं संपली असती तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्याजोगी झाली असती.

पण रस्ता हा रेघेचा नसतो. रस्ता मातीचा असतो, आणि ती माती कुठून तरी आणावी लागते.

अंदाजपत्रकात भरावापुढं लिहिलं होतं, ‘स्थानिक उपलब्ध माती’. हे शब्द वर्षानुवर्षं जुन्या कागदांवरून नव्या कागदांवर उतरत आले होते. ग्रामसभेत कुणी वाचले नाहीत. तात्यांनी नाहीत, सरपंचबाईंनी नाहीत, इंजिनिअरनं तर सहीच केली होती. ठेकेदारानं तेवढे वाचले. मुरमाची खाण लांब, म्हणजे लीड वाढणार, डिझेल जाणार, वर रॉयल्टीची पावती. ओढ्यापलीकडं धाकटं टेकाड आयतंच उभं. ते कुठल्या यादीत नव्हतं, त्याला तार नव्हती, फलक नव्हता. केंद्र सरकारनं संरक्षित ठरवलेल्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियमन असतं. 1958 च्या कायद्यात 2010 साली तशी दुरुस्ती झाली आहे. पण यादीत नाव नसलेल्या टेकाडापासून मीटर मोजायला कोण येणार?

दोन रात्रीत डंपरनी दहा-बारा खेपा केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या नव्या भरावावरून चालत निघाले होते. चपलेखाली काहीतरी कडकडलं. वाकून पाहिलं, तर तांबडं खापर, त्यावर काळ्या रेघा, एका बाजूला तोटीचा तुकडा. तात्यांनी ते नखानं वाजवलं. त्या काळातलं जोर्वे धाटणीचं भाजलेलं भांडं असं खणखणतं, हे त्यांच्या कानाला पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. पुढं अजून एक. मग साइडपट्टीभर. ज्या टेकाडाला वळसा घातला ते शाबूत होतं, आणि ज्याचा विचारच केला नव्हता ते रस्त्याच्या कडेनं पसरलं होतं.

ते तसेच ओढा ओलांडून गेले. जेसीबी अजून चालू होता. बकेट मागं सरकलं आणि उभ्या कापात दोन राखी मडकी दिसली, आडवी, तोंडाला तोंड लावून. एक अर्धं फुटलं होतं. ड्रायव्हर परगावचा पोरगा. त्याला वाटलं धन आहे. तो उडी मारून खाली आला, आत डोकावला आणि मागं हटला.

काकू पाटाचं दारं मोडायला आल्या होत्या. आरडाओरडा ऐकून त्या चढून वर आल्या. तात्या त्यांना सांगू लागले की त्या काळी लहान मूल गेलं की असं दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत. काकूंनी पुढचं ऐकलं नाही. मातीत बोटाएवढी हाडं होती. आपल्याकडंही तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. काकूंना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

‘‘लेकरू हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मशीन बंद कर.’’

ड्रायव्हरनं ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार फोनवर ओरडत होता, आणि काकू मशीनच्या बकेटपुढं जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ग्रामसभेचा ठराव जे करू शकला नव्हता ते झालं. मशीन बंद झालं.

पुढचे दिवस कुणालाच सुखाचे गेले नाहीत. खड्ड्यावर ताडपत्री पडली. इंजिनिअरनं वर पत्रं लिहिली. उत्तराची वाट पाहत भराव अर्धवट पडून राहिला, आणि आभाळ भरून येऊ लागलं. गावात दोन तट पडले. नदीकडचे म्हणू लागले, एका मडक्यापायी यंदाही ऊस फडात राहणार का? त्यातल्या एकानं काकूंना तोंडावर सुनावलं, ‘‘तुमचा ऊस तुऱ्यावर गेला तेव्हा कोण पुरातत्त्ववाला आला होता?’’ काकूंकडं याचं उत्तर नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या की रस्ता मलाही पाहिजे, पण त्या लेकरावरून नको. असा वाद इथंच होतो असं नाही. तिकडं इंग्लंडमध्ये स्टोनहेंज या प्राचीन स्मारकाजवळचा महामार्ग बोगद्यातून न्यायचा की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले, आणि 2024 मध्ये तिथल्या सरकारनं खर्च परवडत नाही म्हणून योजनाच सोडली. तिथं वाद घालायला संस्था होत्या, वकील होते. इथं एक काकू आणि एक ताडपत्री.

शेवटी पुण्याहून पुरातत्त्वाच्या एक प्राध्यापक बाई दोन विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. त्यांनी भाषण केलं नाही. कापाची दरड ब्रशनं साफ केली, दोरी लावली, थर कागदावर उतरवले, मडकी खालच्या मातीसकट उचलली. सगळं आटोपल्यावर सरपंचबाईंनी विचारलं, ‘‘आता रस्त्यावरची पांढरी काढून परत या खड्ड्यात भरून टाकू ना? जिथली तिथं?’’

‘‘अजिबात नको,’’ बाई म्हणाल्या.

सगळे चमकले. तात्यासुद्धा.

‘‘ती माती आता कालवली गेलीय. वरचा थर खाली, खालचा वर. तीनशे वर्षांचं अंतर एका डंपरात मिसळलंय. ती खड्ड्यात टाकलीत तर उद्या इथं खोदणाऱ्याला वाटेल, हे असंच होतं. खड्ड्यात आधी जाळी अंथरा, मग स्वच्छ वाळू भरा, वर मुरूम. वाळू दिसली की त्याला कळेल, माणसांचा हात कुठवर पोचला होता.’’

‘‘आणि पांढरी?’’

‘‘वेगळा ढीग करा. फलक लावा. त्यातली खापरं पोरांना वेचू द्या, मोजू द्या, शाळेत ठेवा. त्या काळच्या माणसांचे हात कसे चालायचे, काय रंगवायचे, ते त्यांतून कळेल. कोण कुणाच्या शेजारी राहत होतं, ते मात्र त्यांतून कळणार नाही.’’

तात्या काही बोलले नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी घमेल्यातून वाहिलेली माती त्यांनी कधी मोजली नव्हती. ही मोजायची ठरली. इंजिनिअरनं टेप धरला, पोरांनी दुसरं टोक धरलं. साइडपट्टीतून निघालेली पांढरी भरली चाळीस ब्रास.

मग ठेकेदाराचं बिल आलं. भराव, चाळीस ब्रास, काम पूर्ण. इंजिनिअरसमोर एमबी, म्हणजे मोजमापाची वही, उघडी होती. त्या वहीत खोदाईसाठी रकाने ठरलेले असतात: मऊ माती, कठीण मुरूम, खडक. नऊशे वर्षांच्या वस्तीचा रकाना नसतो. त्यानं बराच वेळ पेन हातात धरलं आणि भरावाच्या ओळीत शून्य लिहिलं.

ठेकेदार तावातावानं आला. ‘‘साहेब, माती पडलीय, रोलर फिरलाय, गावानं पाहिलंय. ‘स्थानिक उपलब्ध माती’ तुमच्याच कागदावर आहे. मी कुठं चुकलो?’’

हे खरंच होतं, आणि इंजिनिअरला ते कबूल करावं लागलं. ‘‘कागद माझा चुकला. पण टेकाड तुमचं नव्हतं, नि रॉयल्टीची पावतीही तुमच्याकडं नाही.’’

‘‘मग माझी माती मला परत द्या.’’

काकू ओट्यावर बसल्या होत्या. ‘‘तुझी? सातबारा दाखीव,’’ त्या म्हणाल्या.

ठेकेदाराला हसू आलं, आणि हसू आल्यावर त्याला रागावून राहता येईना. त्याचंही पोट कामावर होतं, पुढची निविदा याच भागात भरायची होती. त्यानं खाणीतून मुरूम आणला, स्वतःच्या खर्चानं. पहिल्या मोठ्या पावसाच्या आत खडीकरण झालं, मोरी झाली, अगदी स्लॅबची. डांबर राहिलं ते दिवाळीनंतर पडलं. त्या हंगामात ट्रॉल्या रुतल्या नाहीत.

पुढच्या अंदाजपत्रकातून इंजिनिअरनं ‘स्थानिक उपलब्ध माती’ हे शब्द काढून टाकले. त्या जागी तीन रकाने आले: माती कोणत्या गटातून, किती खोल, आणि ती जागा गावातल्या कुणी जाऊन पाहिली. वरिष्ठांनी विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे? परिपत्रकात नव्हतं. तरी त्यांनी ते खोडलं नाही, बहुधा खोडायला कारण लिहावं लागलं असतं म्हणून.

पांढरीचा ढीग मात्र गावाच्या डोक्याला ताप झाला. कुणाला चुलीला लिंपायला दोन पाट्या हव्या असत, कुणाला डाळिंबाच्या आळ्यात टाकायला. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना पिच करायला हवी होती. फलक वाऱ्यानं दोनदा पडला. आणि मार्चमध्ये पलीकडच्या तालुक्यातला एक ठेकेदार मोटारसायकलवरून आला, ढिगाला प्रदक्षिणा घातली आणि समोरच्या रानात पाणी धरणाऱ्या काकूंना विचारलं, ‘‘मावशी, ही माती अशीच पडून आहे म्हणे. आमच्या रस्त्याला भराव लागतोय. कुणाला विचारायचं?’’

काकूंनी फावडं बांधाला टेकवलं. ‘‘तुमच्या रस्त्याचा नकाशा आणलाय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग जावा, घेऊन या. आणि येताना तुमच्या गावातलं एखादं म्हातारं माणूस संगं आणा.’’